समुद्राचा एक-चौदा

गोव्याच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारी हा राज्याचा विषय आहे. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा असावा, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या पट्ट्यात ट्रॉलरनं किती जवळ यावं, पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलैची बंदी कशी पाळायची, हे पणजीत ठरतं. त्याच पाण्याच्या तळाखाली उद्या तेल लागलं, तर त्यावर राज्याचा काडीचाही हक्क नाही. घटनेच्या २९७ व्या कलमानुसार प्रादेशिक समुद्र (म्हणजे हेच १२ मैल), समुद्रबूड जमीन आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांच्या तळाखालची सगळी खनिजं केंद्राची. परवाना दिल्लीतून मिळतो, रॉयल्टी दिल्लीला जाते. आणि तेल सांडून वाळूवर आलं तर? तेलगळतीच्या राष्ट्रीय आपत्ती आराखड्यात भर समुद्रातलं काम तटरक्षक दलाकडे आहे. किनारा साफ करण्याचं काम राज्याकडे.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करण्याआधी माणूस एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढतो. भोगवटादार कोण, कूळ कोण, ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाची वाट आणि कोणाचं पाणी लिहिलंय, ते बघतो. समुद्रतळाचा तसा उतारा काढला तर मालक म्हणून केंद्र सरकार दिसेल, भोगवट्याला तेल कंपनी दिसेल आणि इतर हक्कांचा रकाना कोरा असेल. हा रकाना कोराच का राहतो, शेजारच्या देशांच्या कायद्यांत तो कोणी भरलाय का, आणि न भरल्यास काय होतं, हे नीट बघायला हवं. दक्षिण गोव्यातल्या बेतूलला ओएनजीसीची पेट्रोलियम सुरक्षेची संस्था आहे. पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून सुटायचं कसं हे शिकवणारं केंद्र २०२४ पासून तिथेच आहे. त्याच वर्षी देशोदेशीच्या तेल कंपन्या ऊर्जा परिषदेसाठी बेतूललाच जमल्या होत्या. हा उद्योग गोव्याला परका नाही, तेव्हा त्याचे कागद वाचायचा हक्कही आपला आहे.

आधी परवान्याची वाट कशी असते ते पाहू. पाकिस्तान असो, बांगलादेश असो की आपण, थोड्याफार फरकानं ती सारखीच आहे. समुद्राचे चौकोन आखून गट पाडतात आणि त्यांचा लिलाव होतो. बोलीत दोन गोष्टी असतात: किती काम करणार आणि सरकारला किती वाटा देणार. काम म्हणजे किती किलोमीटर भूकंपलहरी सर्वेक्षण आणि किती विहिरी. कबूल केलेलं काम झालं नाही तर पैसे वसूल करता यावेत म्हणून बँक हमी घेतात. मग सर्वेक्षण, मग पहिली विहीर. काही लागलं तर तसं कळवायचं, आणखी विहिरी खणून साठा मोजायचा, तो काढणं परवडतं असं जाहीर करायचं, विकास आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि मग उत्पादन. पहिल्या बोलीपासून पहिल्या थेंबापर्यंत दहा वर्षं सहज जातात. बहुतेक गट तिथपर्यंत पोचतच नाहीत.

पैशांच्या दोन पद्धती आहेत. उत्पादन-वाटप करारात कंपनी आधी आपला खर्च वसूल करते आणि उरलेल्या नफ्यात सरकारला वाटा देते. महसूल-वाटप करारात खर्चाचा हिशेब न बघता पहिल्या रुपयापासून वाटा सुरू होतो. भारतानं १९९९ पासूनच्या नव्या शोध धोरणात पहिली पद्धत वापरली. खर्च फुगवल्याच्या तक्रारी आणि त्यावरची वर्षानुवर्षांची भांडणं यांत ती अडकली. २०१६ च्या ‘हेल्प’ या तेल-वायू शोध आणि परवाना धोरणापासून आपण दुसऱ्या पद्धतीवर आलो. रॉयल्टीही खोलीप्रमाणे उतरत जाते. उथळ पाण्यात साडेसात टक्के, ४०० मीटरच्या पुढे पहिली सात वर्षं माफ आणि मग पाच टक्के, १५०० मीटरच्या पुढे दोनच टक्के.

कोकण-गोव्याच्या समुद्रासाठी आणखी एक सवलत आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. केरळ-कोकण खोरं सरकारी वर्गवारीत तिसऱ्या श्रेणीत मोडतं, कारण तिथे अजून व्यापारी साठा सापडलेला नाही. २०१९ पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या खोऱ्यांत सरकार महसुलात वाटाच मागत नाही. फक्त रॉयल्टी आणि कर घेतं, अचानक मोठा फायदा झाला तरच वाटा. बोली ठरते ती कोण जास्त काम करतो यावर. म्हणजे आपल्यासमोरच्या पाण्यात जास्तीत जास्त सर्वेक्षण आणि जास्तीत जास्त विहिरी कबूल करणारा जिंकतो. धोका पत्करणाऱ्याला सूट द्यावी, यात गैर काही नाही. पण त्या कामाचा त्रास ज्याला होणार त्याच्यासाठी अशी बारकाईनं आखलेली कुठलीच तरतूद नाही, हे मात्र खटकतं.

हा त्रास विहिरीच्या आधीपासून सुरू होतो. सर्वेक्षणाचं जहाज मागे सहा-आठ किलोमीटर लांबीच्या केबली ओढत असतं आणि ठरावीक सेकंदांनी दाबलेल्या हवेचा बार पाण्यात सोडत असतं. तळाखालच्या थरांवरून परत आलेले आवाज केबलीतली श्रवणयंत्रं टिपतात. अशा जहाजाला थांबता येत नाही, चटकन वळताही येत नाही. म्हणून पुढे-मागे रखवालीच्या बोटी फिरतात आणि जाळी काढा, बाजूला व्हा, असं सांगत राहतात. खवळलेल्या समुद्रात केबली टिकत नाहीत, तेव्हा सर्वेक्षणाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मासेमारीचा हंगामही तोच. सर्वेक्षण पावसाळ्यात हलवणं शक्य नसतं, त्यामुळे बुडालेल्या दिवसांचे पैसे देणं एवढाच प्रामाणिक उपाय उरतो. हे आपल्याच देशात घडलेलं आहे. आंध्रात काकिनाडा आणि कोनसीमा भागातल्या मच्छीमार कुटुंबांना ओएनजीसीच्या समुद्री पाइपलाइनच्या कामामुळे बुडालेल्या काळासाठी महिन्याला ११,५०० रुपये मिळाले. मात्र ते मिळाले आंदोलन आणि वाटाघाटींतून. परवान्याच्या कागदात ते आधीपासून लिहिलेलं नव्हतं.

आता शेजारी. सगळ्यात लक्षात राहण्यासारखं वाक्य मिळतं ते पाकिस्तानच्या घटनेत. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं त्यांच्या १७२ व्या कलमात भर घातली: प्रांतातलं आणि प्रांताला लागून असलेल्या प्रादेशिक समुद्रातलं खनिज तेल व नैसर्गिक वायू ही प्रांत आणि संघराज्य यांची संयुक्त आणि समसमान मालमत्ता. प्रादेशिक समुद्राच्या पलीकडचं मात्र पूर्णपणे संघराज्याचं. म्हणजे सिंध आणि बलुचिस्तान यांना किनाऱ्यालगतच्या १२ मैलांत निम्मा हक्क, तोही घटनेत नोंदवलेला. आपल्याकडे आसामला किंवा गुजरातला जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी मिळते. पाण्याची रेघ ओलांडली की तीच राज्यं पाहुणी होतात.

अर्थात, या वाक्याचं व्यवहारातलं वजन कमी आहे. पाकिस्तानच्या आशा आहेत खोल समुद्रातल्या सिंधू खोऱ्यात, १२ मैलांच्या कितीतरी पलीकडे. २०१९ मध्ये कराचीपासून २०० किलोमीटरहून जास्त दूर ‘केक्रा-१’ ही विहीर खणली. इटलीची एनी, अमेरिकेची एक्झॉनमोबिल आणि पाकिस्तानच्या दोन सरकारी कंपन्या, प्रत्येकी २५ टक्के. खर्च १० कोटी डॉलरच्या वर आणि खोली साडेपाच किलोमीटरच्या आसपास. आधी देशभर मोठमोठ्या आशा लावल्या गेल्या. मे महिन्यात समजलं की लक्ष्याच्या थरात पाणी आहे, आणि विहीर बुजवली. त्यांच्या २००३ च्या समुद्री नियमांत पहिली चार वर्षं रॉयल्टी माफ आहे, तरी समुद्रात आजवर जेमतेम दीड डझन विहिरी झाल्या. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर उघडलेल्या बोलींत ४० पैकी २३ गटांना मागणी आली, तेव्हा अरबी समुद्राच्या उत्तरेला पुन्हा हालचाल सुरू होईल असं दिसतं.

बांगलादेशची अडचण वेगळी. १९७४ चा पेट्रोलियम कायदा आहे, पेट्रोबांगला ही सरकारी संस्था आहे आणि नमुना करार आहेत. पण ज्या संस्थेनं करारावर सही करायची, तीच कंपनीची भागीदार आणि तीच वायूची खरेदीदार. २०२३ च्या नमुना करारात त्यांनी वायूचा भाव ब्रेंट या आंतरराष्ट्रीय बाजारातल्या तेलाच्या भावाच्या १० टक्के असा बांधला. तेल ७५ डॉलर पिंप असेल तर हजार घनफूट वायूला साडेसात डॉलर. आधीच्या ठरावीक भावांपेक्षा ही मोठी सुधारणा होती. मार्च २०२४ मध्ये २४ गट लिलावात काढले, १५ खोल पाण्यातले आणि ९ उथळ. सात कंपन्यांनी निविदेचे कागद विकत घेतले. मध्येच देशात सत्तापालट झाला, मुदत डिसेंबरपर्यंत वाढवली आणि शेवटी एकही बोली आली नाही. कंपन्यांच्या तक्रारी ठरलेल्या: सर्वेक्षणाची माहिती अपुरी, खोल समुद्रातून किनाऱ्यापर्यंत वायू आणण्याच्या खर्चाचा नीट हिशेब नाही, आणि निव्वळ नफ्यातले पाच टक्के कामगार निधीत देण्याची सक्ती. शेवटची तक्रार वाचताना वाईट वाटतं. कामगारांचा पाच टक्के वाटा गुंतवणुकीतला अडथळा म्हणून यादीत येतो, तर मच्छीमाराच्या वाट्याची कल्पना त्या टेबलावर कोण मांडणार?

बांगलादेशचं ‘सांगू’ हे एकमेव समुद्री वायुक्षेत्र १९९८ ला सुरू झालं आणि २०१३ ला बंद पडलं. ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनीही तिथल्या उथळ पाण्यातले दोन गट घेतले होते. २०२१ मध्ये त्यातली एक विहीर खणली, ती कोरडी निघाली. शेजाऱ्याच्या समुद्रात परवानेधारक म्हणून आपलीच सरकारी कंपनी जाते तेव्हा ती कसे करार मागते, यावरून आपण घरी कसे करार द्यायचे हे कळू शकतं. असा अभ्यास मराठीत कोणी केला तर फार उपयोगाचा होईल.

श्रीलंकेनं २००३ च्या पेट्रोलियम संसाधन कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आणला आणि स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं. २००८ मध्ये मन्नारच्या खोऱ्यातला एक गट केर्न इंडियाला मिळाला होता. २०११ मध्ये १,३०० मीटरहून खोल पाण्यात ‘डोराडो’ आणि ‘बाराकुडा’ या दोन विहिरींत वायू लागला. पण किनाऱ्यावर तो घेणारी बाजारपेठ नव्हती, जाळं नव्हतं, आणि २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले. केर्न निघून गेली, वायू तिथेच आहे. भारत आणि श्रीलंका यांच्यातली सागरी सीमा ठरलेली आहे, ही मोठी गोष्ट. पाल्कच्या सामुद्रधुनीत १९७४ च्या आणि मन्नारच्या आखातात १९७६ च्या करारानं ती आखली. १९७४ च्या करारात एक दूरदृष्टीचं कलमही आहे: तेलाचा किंवा वायूचा एकच साठा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आढळला, तर तो कसा काढायचा आणि उत्पन्न कसं वाटायचं यावर दोन्ही देश सहमतीनं ठरवतील. एका बाजूनं विहीर खणली की दुसऱ्या बाजूचा वायू दाबाच्या फरकानं तिकडे सरकतो, म्हणून हे कलम लागतं.

सीमा ठरलेली नसेल तर काय होतं? नोव्हेंबर २००८ मध्ये म्यानमारनं दिलेल्या परवान्यावर दक्षिण कोरियाची कंपनी शोधाचं काम करायला आली आणि बांगलादेशनं तिथे युद्धनौका पाठवल्या. काम थांबलं. पुढे २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणानं त्या दोघांची सीमा आखली. भारत-बांगलादेश सीमा ७ जुलै २०१४ ला लवादानं ठरवली. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले, आणि भारतानं निकाल मान्य केला. गुजरात आणि पाकिस्तान यांच्यामधल्या सर क्रीक खाडीचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोय, आणि त्यामुळे कच्छच्या तोंडावरची सागरी सीमाही. वादग्रस्त पाण्यात काय चालतं याचा दंडक गयाना-सुरिनाम वादातल्या २००७ च्या निवाड्यानं घालून दिला. वरवरचं सर्वेक्षण चालेल, पण विहीर नाही, कारण विहिरीनं तळ कायमचा बदलतो.

इथवर सगळं मालक आणि भोगवटादार यांच्यातलं. कोऱ्या रकान्याची किंमत कळते तिमोर समुद्रात.

२१ ऑगस्ट २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर मोंटारा क्षेत्रातली एक विहीर फुटली. ती तात्पुरती बंद करून ठेवलेली होती. विहिरीच्या तळाशी पोलादी नळी आणि खडक यांच्यामध्ये सिमेंट ओततात आणि ते घट्ट बसलं की नाही हे दाब देऊन तपासतात. इथे ओततानाच गडबड झाली. सिमेंट भरतानाचा झडपेचा भाग धरला नाही, पाणी परत शिरलं आणि तळचं सिमेंट कच्चं राहिलं. तसे संकेत मिळूनही ते पुन्हा तपासलं नाही. वरच्या टोकाला दाब धरणारी दोन टोपणं बसवायची होती. एकच बसवलं, तेही न तपासता, आणि पुढच्या कामासाठी ते काढलंही. म्हणजे कागदावर अनेक अडसर आणि प्रत्यक्षात एकही धड नाही. गळती थांबवायला मदतीची विहीर दुसऱ्या जागेवरून तिरकी खणून फुटलेल्या विहिरीच्या २५ सेंटिमीटर नळीला गाठायचं असतं. ते पाचव्या प्रयत्नात जमलं. तेल ७४ दिवस वाहत होतं. चौकशी आयोगानं कंपनीइतकंच नियामकालाही धारेवर धरलं. परवाने देणारं खातंच सुरक्षेवर देखरेख करत होतं, आणि ती देखरेख नावापुरती होती. २०१२ पासून ऑस्ट्रेलियानं समुद्री सुरक्षा आणि पर्यावरण यांसाठी वेगळा राष्ट्रीय नियामक नेमला.

तेल उत्तरेला इंडोनेशियाच्या रोटे बेटाकडे आणि पश्चिम तिमोरकडे गेलं. तिथले लोक किनाऱ्यालगत दोऱ्यांवर समुद्री शेवाळ वाढवतात. शेवाळ पांढरं पडून गळून गेलं, पुढची पिकंही आली नाहीत. दाद मागायची कुठे? तेलवाहू जहाजातून तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय करार आहे, विमा आहे, भरपाईचा निधी आहे. समुद्रातल्या विहिरीतून सांडलेल्या तेलासाठी जगभर लागू होईल असा एकही करार आजही नाही. विहीर एका देशाच्या परवान्याची आणि नुकसान दुसऱ्या देशात, अशा वेळी परवान्याचा कागद त्या शेतकऱ्याला ओळखतच नाही. २०१६ मध्ये १५,००० हून अधिक शेवाळ-उत्पादकांच्या वतीनं ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयानं मान्य केलं की तेल तिथवर पोचलं आणि त्यानंच पीक मेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी २०१२ मध्ये याच घटनेसाठी कंपनीला ऑस्ट्रेलियात झालेला दंड होता ५.१ लाख डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. दंड ठरतो कायद्यात लिहिलेल्या कमाल मर्यादेवरून. भरपाई ठरते नुकसानीवरून.

आपला १९४८ चा तेलक्षेत्र कायदा २०२५ मध्ये बदलला. जुन्या कायद्यात नियमभंगाला सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. आता कैद गेली, दंड २५ लाखांपर्यंत आणि चूक चालू राहिली तर दिवसाला १० लाखांपर्यंत. हजार रुपयांच्या मानानं ही वाढ हवीच होती. पण खोल पाण्यातल्या एका रिगचं एका दिवसाचं भाडंच लाखो डॉलरमध्ये जातं, तेव्हा काम थांबवून तपासणी करायची की दंड भरायचा, याचं गणित कंपनीला अवघड जाणार नाही. २००८ च्या समुद्री सुरक्षा नियमांखालची देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे आणि ते पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत येतं. गट वाटणारा हायड्रोकार्बन महासंचालकही त्याच मंत्रालयाचा. मोंटाराच्या आयोगानं नेमकं याच रचनेवर बोट ठेवलं होतं. २७ जुलै २००५ ला मुंबईसमोरच्या मुंबई हाय तेलक्षेत्रात उत्तर फलाटाला, म्हणजे समुद्रात उभ्या तेल काढायच्या सांगाड्याला, मदतनौका धडकली, वायूच्या उभ्या नळ्या फुटल्या, आग लागली, २२ माणसं गेली आणि सगळा फलाट कोसळला. ती धडक आपल्याच समुद्रातली, तेव्हा परका दाखला हवा असंही नाही.

किनाऱ्याला विचारण्याची एक जागा होती, पर्यावरण मंजुरीतली जनसुनावणी. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीनं तेल-वायूच्या शोधाचं काम, जमिनीवरचं आणि समुद्रातलं, खालच्या ‘ब-२’ श्रेणीत टाकलं. या श्रेणीला जनसुनावणी लागत नाही. उत्पादनाचा टप्पा वरच्या श्रेणीत राहिला. पण विहीर फुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो शोधाच्याच टप्प्यात, कारण खाली किती दाब आहे ते आधी कोणी मोजलेलं नसतं. सर्वेक्षणाचा त्रासही त्याच टप्प्यातला. ही सुनावणी परत आणण्याची मागणी गोवा विधानसभेनं ठराव करून करावी, असं मला फार मनापासून वाटतं. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

फलाट म्हातारे झाल्यावर काय, हा प्रश्नही परवान्याच्या दिवशीच सोडवायला हवा. विहीर बंद करताना वेगवेगळ्या खोलीवर सिमेंटचे जाड बूच बसवतात, वरची नळी तळाच्या खाली कापतात आणि मग सांगाडा उचलतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची १९८९ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की ७५ मीटरपेक्षा कमी पाण्यात उभा आणि ४,००० टनांपेक्षा हलका सांगाडा पूर्ण काढावा. १९९८ नंतर उभारलेल्यांसाठी हीच मर्यादा १०० मीटर. अर्धा ठेवला तर त्याच्यावर किमान ५५ मीटर मोकळं पाणी हवं. मुंबई हायचं पाणी साधारण ७५ मीटरच्याच आगेमागे आहे, म्हणजे तिथे फलाट कुठल्या साली उभा राहिला यावर खूप काही ठरतं. पैशासाठी आपल्याकडे १९९९ ची स्थळ-पुनर्स्थापना निधी योजना आहे. कंपनी स्टेट बँकेत पैसे ठेवते आणि नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत करात सूट मिळवते. गोची होते ती क्षेत्र म्हातारपणी छोट्या कंपनीकडे गेल्यावर. पुन्हा तिमोर समुद्राकडेच बघा: ‘नॉर्दर्न एन्डेव्हर’ हे तरंगतं उत्पादन जहाज मोठ्या कंपनीनं एका छोट्या कंपनीला दिलं, ती २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. शेवटी ऑस्ट्रेलिया सरकारला सगळ्या समुद्री तेल उद्योगावर पिंपामागे ४८ सेंटचा खास कर बसवून ते काम करावं लागलं. आपणही छोटी क्षेत्रं छोट्या कंपन्यांना देतो आहोत. क्षेत्र विकलं तरी आधीच्या मालकाची विहिरी बंद करण्याची जबाबदारी सुटणार नाही, हे वाक्य त्या करारांत ठळक असायला हवं.

गोव्यात तेल येतं ते बहुतेक वेळा एवढ्या मोठ्या अपघातातून नाही. मे-जूनमध्ये कोलवा, बाणावली, मोरजी, कुठेही, भरतीच्या रेषेवर काळे गोळे पडलेले असतात. लिंबाएवढे, कधी रुपयाच्या नाण्याएवढे चपटे. बाहेरून वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटून कडक, फोडलं तर आत मऊ, चकाकणारं, डांबराच्या वासाचं. पायाला लागलं की पाण्यानं जात नाही, खोबरेल चोळावं लागतं. हलके घटक उन्हा-वाऱ्यानं उडून गेल्यावर उरलेलं जड तेल म्हणजे हे गोळे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि वारा किनाऱ्याकडे, म्हणून उत्तरेत सांडलेलं याच दिवसांत आपल्याकडे पोचतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवली आहे. काहींचं मूळ मुंबई हायच्या तेलाशी जुळलं, काहींचं टँकर धुतल्याच्या पाण्याशी.

दोन्ही उगमांना कायद्यानं थोडी मोकळीक दिलेली आहे. समुद्री फलाटावरून सोडायच्या पाण्यात तेलाचं प्रमाण बहुतांश नमुन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारात टँकरला किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, चालत्या स्थितीत, मैलामागे ३० लिटरपर्यंत तेल सोडता येतं. ‘विशेष क्षेत्र’ जाहीर होऊन तिथले नियम लागू झाले की त्या समुद्रात ते अजिबात सोडता येत नाही. पर्शियन आखात, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्राचा ओमानकडचा भाग अशी विशेष क्षेत्रं जाहीर झालेली आहेत. आपला पश्चिम किनारा त्यात नाही. ओमानला जे मिळालं, त्यासाठी भारतानं का अर्ज करू नये? त्यात एकाही विहिरीचं उत्पादन घटत नाही.

आणि नुकसानीचा दावा कुठल्याही न्यायालयात लावायचा झाला तर पुरावा लागतो. तिमोरच्या शेवाळवाल्यांना तो बऱ्याच वर्षांनंतर गोळा करावा लागला, म्हणून खटला इतका लांबला. रापणकार संघ, पंचायती, किनाऱ्यावरचे शॅकवाले यांना हे काम पहिल्या दिवशीच करता येईल. हातमोजे घालून गोळा उचलावा, अंगाला लावलेलं सनस्क्रीन किंवा खोबरेल त्याला लागू देऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, कारण प्लास्टिकमधली रसायनं तपासणीत मिसळतात. स्वच्छ काचेची बाटली घ्यावी, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची पन्नी लावावी. तेवढं साधलं नाही तर गोळा पन्नीत गुंडाळावा. आठ-दहा ग्रॅम पुरतात, पण एकाच जागेचे दोन-तीन नमुने वेगवेगळे ठेवावेत आणि जिथे तेल नाही तिथली थोडी वाळूही घ्यावी. बाटलीवर तारीख, वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि उचलणाऱ्याची सही. नमुना अंधारात, थंडीत ठेवावा, मासळीच्या बर्फपेटीत चालेल, फक्त बर्फाचं पाणी आत शिरता कामा नये. तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची वही ठेवावी, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. त्याच आठवड्यात किती होड्या परत आल्या, किती जाळी काळी झाली आणि किती मासळी फेकावी लागली, याची नोंद पंचायतीत करून तिची पोच घ्यावी.